लुटुपुटूच्या कुस्तीतला खरेपणा

व्यावसायिक कुस्तीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "ते सगळे खोटे असते हो. कोण पडणार हे आधीच ठरलेले असते." दुसरा म्हणतो, "खोटे कसे? माणूस एवढ्या उंचावरून पाठीवर आपटतो, तो काय कापसावर पडतो?" गंमत अशी की दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि तरीही त्यांचा वाद वर्षानुवर्षे मिटत नाही. जो वाद दोन्ही बाजू खऱ्या असूनही मिटत नाही, त्यातला मूळ प्रश्नच कोठेतरी चुकीचा विचारला गेलेला असतो. तो प्रश्न नीट कसा विचारावा, हे पाहण्यासाठी आज एका अनपेक्षित वस्तूची मदत घ्यावयाची आहे. ती वस्तू म्हणजे जपानात १९८९ साली निघालेला एक व्हिडिओ गेम. त्याचे नाव 'फायर प्रो रेसलिंग'.

व्याख्यानमालेत पोराटोरांच्या खेळाला कशाला जागा द्यावयाची, अशी शंका कोणी काढील. निदान माथेरानच्या श्रोत्यांनी ती काढू नये. नेरळहून डोंगर चढून येणाऱ्या आपल्या गाडीला सारे जग 'खेळण्यातली गाडी' म्हणते. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. डबे एवढे लहान की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. परंतु आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ साली पुरा केलेला सुमारे २१ किलोमीटरांचा तो मार्ग खऱ्या कड्यावरून जातो, आणि ब्रेक सांभाळणाऱ्याची जबाबदारीही खरीच असते. आकार लहान म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, एवढे ही गाडी आपल्याला रोज शिकवते. तीच सवलत आजच्या विषयाला द्यावी, इतकीच विनंती.

आपल्याकडील दोन आखाडे

प्रथम घरची गोष्ट पाहू. महाराष्ट्राने कुस्तीचे दोन आखाडे पाहिले. पहिला तांबड्या मातीचा. जत्रेत दुपार कलली की हलगी कडाडू लागते. नारळावरच्या आणि खाऊच्या पैशांवरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, आणि उन्हे उतरता उतरता मोठ्या इनामाची जोड मैदानात येते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली तयार झाले. त्याची रचना अशी की कोठेही बसले तरी मधला हौद स्पष्ट दिसावा. ह्या आखाड्यात सगळे काही एका गोष्टीवर येऊन थांबते: दोन्ही खांदे मातीला टेकले की नाही. टेकले तर चितपट. मग कोणाचे नाव किती मोठे आणि कोणाची तालीम किती जुनी, ह्याला काही अर्थ उरत नाही.

ह्या मातीतला माणूस जगाच्या आखाड्यातही गेला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनाच्या गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या गटाचे सुवर्णपदक ज्याने जिंकले आणि ज्याच्याकडून खाशाबांना हार पत्करावी लागली, तो शोहाची इशी हा जपानी मल्ल होता. त्या वर्षीच्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्णपदक. मराठी आणि जपानी कुस्तीची ही गाठ मॅटवर पडली, गुणांवर सुटली आणि तिच्यात ठरवाठरवीला जागा नव्हती. त्या प्रकाराचे नाव 'फ्रीस्टाइल'.

आता दुसरा आखाडा. तो मुंबईत होता. वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण. मातीऐवजी फळ्यांचा चौथरा, भोवती दोरांचे चौकोनी कुंपण, वर झगझगीत दिवे. तेथे दारासिंग आणि हंगेरियन वंशाचा धिप्पाड किंग काँग यांच्या लढतींना लोक गर्दी करीत. अमेरिकेचा नामांकित मल्ल लू थेज याला दारासिंगांनी २९ मे १९६८ रोजी मुंबईतच हरवले. ह्या कुस्तीलाही लोक 'फ्री स्टाइल'च म्हणत. दोन सर्वस्वी निराळ्या वस्तूंना एकच नाव पडले, आणि आपल्या वादाचे निम्मे मूळ ह्या नावातच आहे. कारण व्यावसायिक फ्री स्टाइलचा जगभरचा रिवाज असा की कोण जिंकणार हे बहुधा आधी ठरते आणि ते कसे जिंकायचे एवढे मल्लांच्या हाती राहते. मल्ल कच्चे असतात असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. दारासिंग पंजाबच्या मातीत पेहेलवानी शिकलेले होते. ज्याला कुस्ती येत नाही त्याला कुस्तीचे सोंगही आणता येत नाही.

जपानात काय झाले

हाच दुसरा आखाडा जपानात फार खोल रुजला. १९४५ च्या पराभवानंतर परकीय लष्कराच्या अंमलातून देश नुकताच बाहेर पडला होता. रिकिडोझान नावाच्या मल्लाने सुमो कुस्ती सोडून १९५१ साली व्यावसायिक कुस्तीत पाऊल टाकले. दूरदर्शनचे प्रक्षेपण जपानात १९५३ साली सुरू झाले, आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिडोझानने जोडीदाराला घेऊन गोऱ्या, थोराड शार्प बंधूंशी लढती दिल्या. घरोघरी संच नव्हते. लोक रस्त्यातल्या, चौकातल्या संचांपुढे दाटीवाटीने उभे राहून पाहत. आपला माणूस तळहाताच्या फटक्यांनी परदेशी धिप्पाडाला लोळवतो, ह्या दृश्याने त्या लोकांना काय दिले असेल, हे गुलामी पाहिलेल्या देशाला समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोत रिकिडोझानने आशियाई अजिंक्यपद मिळवले, ते किंग काँगला हरवून. मुंबईने पाहिलेला तोच हा किंग काँग.

ह्या गोष्टीत एक विलक्षण गाठ आहे. जपानी अभिमानाचा हा पुतळा जन्माने कोरियन होता. त्याचे मूळ नाव किम सिन-राक. ते त्याच्या हयातीत लोकांपासून झाकून ठेवलेले होते. म्हणजे लढतीचा निकाल ठरलेला आणि नायकाची ओळख बनवलेली. परंतु चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतले पाणी मात्र खरे. १९६३ च्या डिसेंबरात चाकूच्या जखमेतून रिकिडोझान गेला. त्याचे दोन शिष्य, जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी, यांनी १९७२ साली आपापल्या स्वतंत्र कुस्तीसंस्था काढल्या, आणि पुढच्या दोन पिढ्या ह्या दोन घराण्यांचे वाद घालीत वाढल्या. त्या पिढ्यांतूनच आपला खेळ जन्माला आला.

पेटीतला आखाडा

ज्यांनी असा खेळ हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडे यंत्राविषयी. टीव्हीला जोडावयाची एक पेटी असते. तिच्यात खेळाचे कार्ड किंवा कॅसेट घालावयाची, आणि हातात बटणांचा लहानसा पाटा धरून पडद्यावरची माणसे हलवावयाची. आपल्याकडेही १९९० नंतरच्या दशकात अशा पेट्या घरोघर आल्या, आणि उन्हाळ्याच्या सुटीत कॅसेटींची अदलाबदल हा मुलांचा एक उद्योगच होऊन बसला. जपानात त्याआधी, १९८६ साली, निंटेंडो कंपनीने 'प्रो रेसलिंग' हा खेळ काढला होता. त्याची जुळणी मासातो मासुदा ह्या तरुण कार्यक्रमकाराने केली. त्यात अवघे सहा मल्ल होते आणि त्या सगळ्यांना जिंकल्यावर भेटणारा एक अजिंक्यवीर. दोघांच्या भोवती फिरणारा पंचही त्यात दिसे. ह्याच मासुदाने पुढे ह्यूमन नावाच्या कंपनीत १९८९ साली 'फायर प्रो रेसलिंग' रचला. पीसी इंजिन नावाच्या यंत्रासाठी तो एका पातळ, खिशात मावेल एवढ्या कार्डावर निघाला.

ह्या खेळाचे वैशिष्ट्य एका नियमात आहे. दोन मल्ल एकमेकांजवळ आले की आपोआप भिडतात. कोणता डाव बसणार हे त्यानंतरच्या एका क्षणावर ठरते. पकड पुरी जुळते त्या नेमक्या क्षणी ज्याचे बटण दाबले गेले, त्याचा डाव चालतो. आधी दाबले तर फुकट, नंतर दाबले तर फुकट. घाईघाईने बटणे बडवणारा मुलगा येथे हमखास हरतो. इतर बहुतेक खेळांत बोटांची चपळाई लागते. येथे वाट पाहण्याची तयारी लागते.

दुसरा नियम असा की डाव तीन प्रतींचे आहेत: हलके, मध्यम आणि भारी. कुस्तीच्या आरंभीच भारी डाव टाकू गेले तर ताजातवाना प्रतिस्पर्धी तो उलटवतो. प्रथम हलक्या डावांनी त्याला दमवावयाचे, मग मध्यम, आणि शेवटी भारी. आपलाही दम जातो; म्हणून मध्येच थांबून श्वास घेण्याचे एक वेगळे बटण आहे. श्वास घेण्यासाठी बटण ठेवणारा हा रचनाकार कुस्तीकडे किती बारकाईने पाहत असला पाहिजे! आपल्या कोणत्याही तालमीतला वस्ताद हेच सांगतो. आधी दम, मग डाव. समोरच्याची लय कळल्याशिवाय पट काढायला जाऊ नये, नाहीतर आपणच खाली सापडतो. कोल्हापूरच्या वस्तादाला हा खेळ दाखवला तर बटणे त्याला अनोळखी वाटतील, परंतु धडा ओळखीचा वाटेल.

तिसरी गोष्ट नंतरच्या आवृत्त्यांत आली. खेळणाऱ्याला स्वतःचा मल्ल घडवता येऊ लागला. अंगलट, पोशाख आणि डाव तर निवडावयाचेच, शिवाय त्याचा स्वभावही ठरवावयाचा. प्रतिस्पर्धी दमला असता हा मल्ल शंभरातून किती वेळा कोणता डाव टाकील, पडल्यावर लगेच उठेल की वेळ काढील, हे आकड्यांनी भरून द्यावयाचे. मग दोन मल्ल आखाड्यात सोडून आपण बाजूला बसावयाचे आणि यंत्राने यंत्राशी लढलेली कुस्ती पाहावयाची. जगभर पुष्कळ लोक हा खेळ असाच, हात न लावता, खेळतात. येथे खेळणाऱ्याची भूमिका मल्लाची उरत नाही. तो वस्ताद होतो. शिकवून झाले, आता पठ्ठ्या काय करतो ते काठावरून पाहावयाचे.

आणखी एक तपशील सांगण्यासारखा आहे. ह्या खेळात खऱ्या जपानी आणि परदेशी मल्लांच्या प्रतिकृती होत्या, परंतु नावे बदललेली. खऱ्या नावांसाठी संस्थांची परवानगी लागते, पैसे लागतात. चेहरा, चाल, ठेवणीतला डाव हे सारे ओळखता यावे इतके तंतोतंत, फक्त नाव वेगळे. प्रेक्षक पहिल्याच डावात माणूस ओळखत. इनोकीने स्थापलेल्या 'न्यू जपान' संस्थेचे मल्ल त्यांच्या खऱ्या नावांनी ह्या मालिकेत आले ते थेट २०१७ साली निघालेल्या 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड' ह्या आवृत्तीच्या वेळी. तोपर्यंत ह्यूमन कंपनी बुडाली होती आणि मालिका स्पाइक नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. मल्लाची खरी ओळख त्याच्या नावात नसून त्याच्या डावात असते, हे अशा रीतीने कायद्याच्या अडचणीमुळेच सिद्ध झाले!

ठरलेल्याची न ठरलेली नक्कल

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या कुस्तीची ही नक्कल आहे तिचा निकाल ठरलेला असतो. ह्या नकलेचा निकाल मात्र ठरलेला नसतो. दोन मुलगे पाटे हातात घेऊन बसले की त्यांच्यातला एक खरोखर जिंकतो, एक खरोखर हरतो, आणि हरलेला रुसतोसुद्धा. मूळ वस्तू सोंग आणि तिची नक्कल मात्र खरी झुंज, असा हा उलटा संसार आहे. दशावतारात राक्षस नेहमीच हरतो. परंतु कोणी दशावताराचा असा खेळ काढला की ज्यात राक्षसही जिंकू शकेल, तर तो खेळ दशावताराशी प्रामाणिक म्हणावयाचा की नाही? तसाच हा पेच आहे.

मालिकेच्या रचनाकारांना हा पेच कळला होता, असे नंतरच्या आवृत्त्यांवरून दिसते. त्यांत कुस्ती संपल्यावर कोण जिंकला एवढेच सांगून खेळ थांबत नाही. लढत किती रंगली ह्याचे शेकडा गुणही पडद्यावर येतात. एकाच डावाचा मारा करून दोन मिनिटांत जिंकलात, तर जिंकलात खरे, पण गुण कमी. प्रतिस्पर्ध्याला त्याचे डाव करू दिलेत, मार खाल्लात, पुन्हा उठलात आणि शेवटच्या घटकेला फिरवलीत, तर गुण जास्त. म्हणजे चांगली कुस्ती करावयाची तर समोरच्याला चांगले दिसू द्यावे लागते. शत्रूशी लढत असतानाच त्याच्याशी सहकार्य करावे लागते. व्यावसायिक कुस्तीचे सारे शास्त्र ह्या एका आकड्यात आले. प्रेक्षकांतून पाहिलेली कुस्ती ज्याला वर्षानुवर्षे उलगडली नाही, त्याला ती बटणांच्या पाट्यावर तासाभरात उलगडते, कारण येथे तो स्वतः आत उभा असतो.

खेळाने ह्या धंद्याची काळी बाजूही लपवली नाही. एखादे वेळी, कुस्ती ऐन रंगात असता, एका डावाने मल्ल जागच्या जागी निकामी होतो. पडद्यावर 'क्रिटिकल' ही अक्षरे उमटतात आणि सारे संपते. ते केव्हा होईल हे कोणालाच सांगता येत नाही. १९९४ साली सुपर फॅमिकॉम ह्या यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीत तर एक संपूर्ण कथा होती. ती गोइची सुदा ह्या तरुण लेखकाची. हा गृहस्थ आधी अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होता. कथेतला नायक मल्ल पायरी पायरीने वर चढतो. वाटेत गुरू जातो, मित्र जातो. अखेर तो जगज्जेता होतो, आणि सर्व काही मिळाल्यावर, घरच्या एकान्तात, स्वतःचे आयुष्य संपवतो. तासन् तास खपून त्याला विजयापर्यंत नेणारी मुले हा शेवट पाहून थिजून गेली. पोरांच्या खेळात असला शेवट असावा का, ह्याविषयी दुमत होऊ शकेल. परंतु टाळ्या थांबल्यावर मल्लापाशी काय उरते, हा प्रश्न त्या कथेने विचारला हे नाकारता येणार नाही. आपल्या गावोगावच्या म्हाताऱ्या पैलवानांच्या घरी जाऊन पाहावे. भिंतीवर गदा टांगलेली असते, आणि गुडघे धरून माणूस खाटेवर बसलेला असतो.

मान दुसऱ्याच्या हाती

निकाल ठरलेला असला तरी शरीर ठरवून घेता येत नाही, ह्याचे एक दुःखद उदाहरण हिरोशिमात १३ जून २००९ रोजी घडले. मित्सुहारू मिसावा हा जपानच्या सर्वश्रेष्ठ मल्लांपैकी एक. वय ४६. स्वतःच्या संस्थेचा प्रमुख असूनही तो रोज आखाड्यात उतरत होता. त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याने त्याला मागून उचलून पाठीवर आपटले. हजारो वेळा घेतलेला, नित्याचा डाव. मिसावा पडला तो उठलाच नाही. त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. अशा वेळी "ते सगळे खोटे असते" हे वाक्य कोणाच्या तोंडून निघेल?

दुसरे उदाहरण त्याहून जुने आणि वेगळ्या प्रकारचे आहे. २२ डिसेंबर १९५४ रोजी टोकियोत रिकिडोझान आणि ज्यूदोतला असामान्य वीर मासाहिको किमुरा यांची लढत झाली. शार्प बंधूंशी लढताना रिकिडोझानचा जोडीदार होता तो हाच. किमुराचे पुढे म्हणणे असे होते की लढत बरोबरीत सोडवावयाची असे ठरले होते. रंगात असता रिकिडोझानने अचानक खरे तडाखे मारावयास सुरुवात केली आणि बेसावध किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. जपानी कुस्तीच्या इतिहासात ह्या लढतीवर अजून चर्चा होते. तिचा विचार केला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्या रात्री जो भाग खोटा मानावयाचा तो म्हणजे ठरलेली बरोबरी, आणि जो भाग खरा मानावयाचा ते म्हणजे ते तडाखे. तरीही आपली सहानुभूती किमुराकडेच जाते. 'खरे' मारणाऱ्याचा आपल्याला राग येतो.

असे का व्हावे? कारण उघड आहे. अशा कुस्तीत एक मल्ल आपली मान, आपला कणा, दुसऱ्याच्या हाती सोपवतो. उचलला गेलेला माणूस निराधार असतो. त्याला नीट खाली आणणे हे उचलणाऱ्याचे काम. तो विश्वास हाच ह्या कुस्तीतला खरा पदार्थ होय. विश्वास मोडला की मागे राहते ती नुसती मारामारी.

प्रश्न नीट कसा विचारावा

आता उलट बाजू पाहा. आपल्या जत्रेतल्या हौद्यात दोन मल्लांनी आधी संगनमत करून कुस्ती सोडवली तर? तिला आपण 'नुरा कुस्ती' म्हणतो, आणि हा शब्द उच्चारताना आपल्या आवाजात तिरस्कार असतो. लोक उठून ओरडतात, इनाम रोखून धरतात. म्हणजे ठरवून पडणे ह्या एकाच कृत्याला दोऱ्यांच्या रिंगणात कसब म्हणावयाचे आणि मातीत फसवणूक; आणि ठरलेले मोडून खरा प्रहार करणे ह्याला मातीत पराक्रम म्हणावयाचे आणि दोऱ्यांच्या रिंगणात दगा. कृत्य तेच, न्याय उलटा. तेव्हा खरेपणा निकाल ठरला होता की नाही ह्यात नसतो. आखाड्यात उतरणाऱ्याने समोरच्याला आणि प्रेक्षकाला काय वचन दिले होते, आणि ते पाळले की नाही, ह्यात तो असतो.

मातीचे वचन असे: येथे काहीही ठरलेले नाही, खांदे टेकतील तोच निकाल. म्हणून त्या वचनाला किंचित तडा गेला तरी मैदान पेटते. २०२५ सालच्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत दोन्ही खांदे टेकले की नाही ह्या एका क्षणावरून वाद झाला, आणि प्रकरण पंचांवर हात-पाय उगारण्यापर्यंत गेले. पंचांवर धावून जाणे निषेधार्हच. परंतु राज्यभर त्या एका क्षणाची चर्चा झाली, ह्याचा अर्थ लोकांना मातीच्या वचनाची किंमत अजून आहे. मॅटवर खेळली गेली तरी कुस्ती त्याच वचनाने बांधलेली असते. ज्या दिवशी खांद्यांचा वाद कोणालाच महत्त्वाचा वाटेनासा होईल, तो दिवस आपल्या कुस्तीच्या दृष्टीने अधिक काळजीचा समजावा.

दोऱ्यांच्या रिंगणाचे वचन निराळे: आम्ही तुम्हांला झुंजीचे नाट्य दाखवू, त्यासाठी शरीर झिजवू, आणि एकमेकांना जिवंत घरी पाठवू. हे वचन उघडपणे दिले आणि पाळले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बाधा येते ती एकाचे वचन देऊन दुसऱ्याचा माल विकला जातो तेव्हा. नाट्याला झुंज म्हणून खपवले की ज्याने मातीत उमर घालवली त्या पैलवानाचे नुकसान होते. त्याची कुस्ती कधी कधी पाऊण तास नुसत्या पकडीत जाते; रंगीत नाट्यापुढे ती निरस दिसते, आणि प्रेक्षक व इनाम दोन्ही पाठ फिरवतात. वरळीच्या झगमगाटाविषयी जुन्या तालमींची जी कुरकुर होती ती एवढ्यापुरती रास्त होती. मात्र 'तुमचे खोटे, आमचे खरे' ही तिची भाषा चुकीची होती. 'तुमचे नाट्य, आमची झुंज. पाटी तेवढी वेगळी लावा' असे म्हणणे हा खरा न्याय झाला असता.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या ह्या जुन्या खेळाचे श्रेय हे की त्याने आपली पाटी स्वच्छ लावली. हा खेळ आहे असे तो सांगतो. बटण दाबणाऱ्याला खरी झुंज देतो. आणि ज्या माणसांची ही नक्कल आहे त्यांचा दम, त्यांचे मोडके सांधे, त्यांचा एकटेपणा ह्यांची आठवणही बुजू देत नाही. आपल्या घरातली मुले आज फोनवर कुस्तीचे नाना खेळ खेळताना दिसतात. त्यांना "हे सगळे खोटे आहे" म्हणून दटावण्याने काही साधत नाही; त्यांना ते ठाऊकच असते. त्याऐवजी त्यांना विचारावे, "समोरच्याला तू किती वेळ लढू दिलेस?" आणि सुटीत एखाद्या जत्रेचा योग आला तर हलगी वाजत असता त्यांना हौद्याच्या काठाशी नेऊन बसवावे. मातीतला मल्ल पकड जुळण्याची वाट पाहत कसा थांबतो, हे त्या मुलांच्या अंगठ्यांना आपल्याआधी कळेल.